कीबोर्डचा 78 नंबर आणि माझी प्लॅस्टिकची शाकुहाची

गेली सव्वीस वर्षं मी गोव्यातल्या जत्रांमधल्या मराठी नाटकांना कीबोर्डची साथ करतोय. कार्तिकापासून शिगम्यापर्यंत एक देऊळ झालं की दुसरं. मध्यरात्री पडदा उघडतो, पहाटे भैरवी होते, आणि या रात्रींमध्ये माझं बोट कितीतरी वेळा एकाच आवाजावर गेलंय: 78 नंबर. साधू आला, 78. देव अंतर्धान पावला, 78. नायिकेला स्वप्न पडलं, 78. आधी वाऱ्याचा एक झोत, मग त्यातून वर चढणारा, किंचित वाकलेला स्वर. मी त्याला ‘साधूचा आवाज’ म्हणायचो. आमच्या मंडळातले नटही तसंच म्हणतात, “माझ्या एन्ट्रीला साधू सोड हं!”

पडद्यावर त्याचं नाव उमटायचं, शाकुहाची. 1991 साली कीबोर्ड बनवणाऱ्यांनी 128 आवाजांची एक सामाईक यादी ठरवली, जनरल मिडी म्हणतात तिला, आणि त्या यादीत हा आवाज 78 व्या जागी बसला. शून्यापासून मोजणाऱ्या यंत्रांत 77. म्हणून कुठल्याही बनावटीचं यंत्र घ्या, साधू तिथेच भेटतो. एवढं मला ठाऊक होतं. पण त्या नावाचं एक खरं जपानी वाद्य आहे, बांबूची उभी बासरी, आणि ते कुणीतरी छातीतून फुंकतं, हे सव्वीस वर्षांत मनातही आलं नव्हतं.

आणलं ते भाच्यानं. गेल्या जूनमध्ये तो आमच्याकडे राहायला आला होता आणि कॉम्प्युटरवर ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ खेळत होता. 1274 साली मंगोलांनी जपानच्या त्सुशिमा बेटावर स्वारी केली, त्या काळातला एक सामुराई. लढाई थांबली की तो उभी बासरी ओठांना लावतो, आणि धून वाजली की हवा पालटते. एका धुनेनं ऊन पडतं, दुसरीनं पाऊस येतो. “मामा, ऐक, हा तुझा साधू!” मी जवळ जाऊन ऐकलं. तोच झोत, तोच वाकलेला स्वर, पण हा स्वर मरत मरत जात होता, आणि पुढचा येण्याआधी मध्ये मोकळी जागा होती. भाच्याला म्हटलं, “बासरीनं पाऊस आणणं म्हणजे मेघमल्हारच की रे!” त्यानं मान डोलावली आणि घोडा पुढे काढला. मी मात्र तिथेच अडकलो. महिन्याभरात शाकुहाची मागवली. पुढचं सगळं त्या खरेदीबद्दल आहे.

घेतली ती प्लॅस्टिकची. एबीएस नावाच्या कडक प्लॅस्टिकच्या ज्या शाकुहाची मिळतात, त्यांतलीच एक. कसबी कारागिराच्या बांबूच्या शाकुहाचीची किंमत लाखांत जाते. ही परदेशातून येऊन, कर भरून, मला बारा हजारांच्या आसपास पडली. मधोमध दोन तुकड्यांत उघडते, त्यामुळे कीबोर्डच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात मावते. खालचं टोक बांबूच्या बुंध्यासारखं बाहेर वळलेलं. खऱ्या शाकुहाचीत तो बुंधाच असतो: मादाके जातीच्या बांबूचा मुळांकडचा भाग, तोडलेल्या मुळांच्या खुणांसकट. लांबी 54.5 सेंटिमीटर, आणि हे माप वाद्याच्या नावातच आहे. एक शाकु म्हणजे सुमारे 30.3 सेंटिमीटर, हाची म्हणजे आठ. एक शाकु आठ सुन, आणि सुन म्हणजे शाकुचा दहावा भाग. पुढे चार भोकं, मागे अंगठ्यासाठी एक.

बासरी मी थोडीफार वाजवतो, म्हणून वाटलं होतं, तासाभरात आवाज निघेल. नऊ दिवस लागले. हे मुद्दाम सांगतो, कारण चौथ्या दिवशी मी ती परत पाठवायच्या बेतात होतो, आणि वस्तू खराब आहे असं समजून तसं करणारे खूप असतील. वस्तूत खोट नव्हती. आपली बासरी आडवी, फुंकायचं भोक बोटाच्या पेराएवढं, ओठ काठाला टेकले की हवेला वाट सापडते. शाकुहाचीचं तोंड वरून सताड उघडं, दोनेक सेंटिमीटर रुंद, आणि त्यातलं बरंचसं आपल्या हनुवटीनं आणि खालच्या ओठानं झाकायचं. समोर एक तिरकी कापलेली कड असते, तिला उतागुची म्हणतात. ओठांतून निघालेली हवेची पातळ पट्टी त्या कडेवर चिरली गेली तर स्वर. केसभर इकडे-तिकडे झाली तर नुसती हवा. पहिल्या तीन दिवसांत मला दोनदा भोवळ आली.

नवव्या दिवशी तिन्हीसांजेला परसदारच्या पायरीवर बसलो होतो. पाऊस थांबून माडांवरून थेंब गळत होते. शाकुहाची बाजूला ठेवली आणि सोड्याची रिकामी बाटली ओठाला लावून हळूच फुंकली. लहानपणी आम्ही वाजवायचो तशी. बाटली घुमली. ओठ तसेच ठेवले, बाटली खाली आणि शाकुहाची वर. आधी सरसर आली, आणि त्या सरसरीतून स्वर उठला. मी दचकून श्वास तोडला. पुन्हा लावली, पुन्हा आला. आतून आईचा आवाज: “कसली रे ही बासरी? रडते कशाला?” ती दिवा लावायची थांबून दारात येऊन उभी राहिली होती, हातात काडेपेटी तशीच.

त्यानंतर मी कीबोर्ड लावला आणि 78 वर एकच पट्टी पन्नासेक वेळा दाबली. दर वेळी तोच झोत, तेवढाच लांब, तेवढाच वाकलेला. हे आधी कधी खटकलं नव्हतं. शाकुहाचीत तो बाक मानेनं काढतात. मान झुकवली की स्वर उतरतो, त्याला मेरी म्हणतात. उचलली की चढतो, ती कारी. मान हलवायला शिकायला तीन वर्षं, अशी जपानीत म्हणच आहे. म्हणजे ज्या वळणावर मी इतक्या रात्रींची नाटकं निभावली, ते वळण म्हणजे एका जिवंत माणसानं कुठल्यातरी दिवशी एकदा हलवलेली मान होती. यंत्रानं ती पकडून ठेवली आणि आपण सगळे तीच मान पुन्हा पुन्हा हलवतोय.

यामुळेच मी या वाद्याच्या परंपरेकडे वळलो. एदो काळात, सतराव्या शतकापासून, जपानमध्ये बौद्धांच्या झेन शाखेतल्या फुके पंथाचे कोमुसो नावाचे संन्यासी होते. ‘शून्याचे भिक्षू’ असा त्या नावाचा अर्थ. बरेचसे मूळचे सामुराई, धनी न उरलेले. डोक्यावर गवताची विणलेली उपडी टोपली, हनुवटीच्याही खाली येणारी, चेहरा साफ झाकणारी. ती घालून दारोदार शाकुहाची वाजवत भिक्षा मागायची. वाजवणं हेच त्यांचं ध्यान. झेनमध्ये बसून करायचं ध्यान म्हणजे झाझेन, तसं हे सुइझेन, फुंकून करायचं ध्यान. त्यांच्या रचनांना होनक्योकु म्हणतात. कुरोसावा किन्को (1710-1771) या कोमुसोनं मठामठांतून अशा रचना गोळा केल्या, आणि त्यांतून 36 रचनांचा संग्रह उभा राहिला. आपल्याकडे भातखंड्यांनी गावोगाव हिंडून बंदिशी जमवल्या, तेच हे काम. 1871 साली मेइजी सरकारनं फुके पंथच बंद केला. शाकुहाची मात्र टिकली, कारण तोवर ती मठाबाहेरही शिकवली जात होती.

होनक्योकुत ताल नसतो. एका वाक्याची लांबी एका श्वासाची. श्वास संपला की वाक्य संपलं, मग शांतता, मग नवा श्वास. त्या मधल्या जागेला ते ‘मा’ म्हणतात आणि तिला स्वराइतकाच मान देतात. मी साथीदार माणूस. आमच्या धंद्यात मोकळी जागा दिसली की भरायची, नाहीतर दिग्दर्शक विंगेतून डोळे वटारतो. ती रिकामी सोडायला मला अजून धीर होत नाही.

कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलात ‘झेन बासरी ध्यान’ असतं. शाकुहाची आल्यावर मुद्दाम पैसे भरून गेलो, कारण वाटलं, कुणी वाजवणारा भेटेल, दोन गोष्टी विचारता येतील. खोली थंडगार, भिंतीवर टोपली घातलेल्या कोमुसोचं चित्र, चटया अंथरलेल्या. बासरी कुठेच नव्हती. स्पीकरवर 78 नंबर लावला होता. अगदी तोच, मी झोपेतही ओळखीन. खाली तानपुऱ्यासारखं काहीतरी, वर साधूचा आवाज, चाळीस मिनिटं, सलग. शिकवणाऱ्या बाई गोड आवाजात सांगत होत्या, श्वास घ्या, श्वास सोडा. आणि स्पीकरमधला तो स्वर श्वास घेतच नव्हता! पेडल दाबून धरलं की यंत्राला श्वास लागत नाही. मला तिथे खरोखर वाईट वाटलं. ज्या परंपरेचा सगळा जीव श्वास संपण्यात आहे, तिचं चित्र भिंतीवर, तिचं नाव पाटीवर, आणि नेमका श्वास तेवढा काढून टाकलेला. बाजूला बसलेली माणसं मनापासून आली होती. त्यांना पाच मिनिटं कुणी खरी फुंकून दाखवली असती तरी पुरलं असतं.

तरीही लोकरंजनानं हे वाद्य बिघडवलं असं मी म्हणणार नाही. मी स्वतः रंगमंचाचा माणूस आहे. काबुकी या जपानी नाट्यप्रकारातला सुकेरोकू हा नायक कमरेला मागे शाकुहाची खोवूनच येतो, आणि तो संन्यासी मुळीच नाही, तो रंगेल मर्द आहे. अठराव्या शतकात सुझुकी हारुनोबुनं आपल्या रंगीत छापचित्रांत तरुण प्रेमिकांना कोमुसोच्या वेषात काढलं. म्हणजे पंथ चालू होता तेव्हाही टोपली आणि बासरी हौसेची वस्तू झालीच होती. पुढे 1967 साली तोरु ताकेमित्सु या संगीतकारानं न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदापुढे शाकुहाची उभी केली. 1986 मध्ये पीटर गॅब्रिएलच्या एका गाजलेल्या गाण्याची सुरुवात सॅम्पलरमधल्या, म्हणजे मुद्रित आवाज पट्ट्यांवर वाजवणाऱ्या यंत्रातल्या, शाकुहाचीनं झाली, आणि मग तो आवाज जिकडे तिकडे ऐकू यायला लागला. माझा 78 नंबर त्याच पिढीतला. भाच्याच्या खेळातली बासरीही काळाला धरून नाही. टोपलीवाले कोमुसो 1274 नंतर तीनेकशे वर्षांनी आले, आणि नारा इथल्या शोसोइन भांडारात आठव्या शतकातल्या ज्या आठ शाकुहाची जपून ठेवल्या आहेत, त्यांना भोकंही पाच नसून सहा आहेत. पण त्या खेळानं स्वरानंतरची जागा मोकळी सोडली आणि एका कीबोर्डवाल्याला खुर्चीवरून उठवलं, याचं श्रेय मी त्याला देतो.

आता वाजवणाऱ्यांसाठी थोडं. सगळी भोकं बंद ठेवली की पेटीवरची पांढरी दोन. तिथून एकेक भोक उघडत जा: पांढरी चार, पांढरी पाच, पांढरी सहा आणि वरची पांढरी एक. जपानी नावं रो, त्सु, रे, ची, री. त्यांचा ‘रे’ आपला मध्यम लागतो, तेवढं सांभाळा, माझा पहिल्या आठवड्यात फार गोंधळ झाला. रो ला सा मानलं तर सा, कोमल ग, म, प, कोमल नि: सरळ धानी. आणि मूर्च्छना बदलत, म्हणजे सा ची जागा सरकवत, गेलात तर याच पाच भोकांत खजिना आहे. त्सु वर सा ठेवा, भूप. रे वर ठेवा, मेघाचे स्वर (भाच्याला हे कळल्यावर तो पहिल्यांदा खेळ थांबवून उठला). ची वर मालकंस, री वर दुर्गा. त्या रात्री मी जेवायला उशिरा उठलो. होनक्योकु मात्र या मोकळ्या स्वरांवर थांबत नाहीत. त्यांतले कितीतरी स्वर मान झुकवून, भोक अर्धं झाकून काढायचे असतात, आणि ते आले की सा, कोमल रे, म, प, कोमल ध असा गुणकलीचा उदास रंग दिसायला लागतो. आईला रडणं ऐकू आलं, ते उगाच नव्हे.

नवशिक्यांना रोज सकाळी दहा मिनिटं नुसता रो फुंकायला सांगतात. रोबुकी. आपली खर्जसाधनाच ही. दुसरं काही करू नका, एवढं करा. महिन्याभरानं माझा रो बारा-तेरा सेकंदांवर गेला.

प्लॅस्टिकबद्दल लोक नाक मुरडतात. एक जाणकार स्नेही तर म्हणाले, “प्लॅस्टिकच्या नळीत कसलं झेन?” मी त्यांना घुमट या आमच्या मातीच्या तालवाद्याचं सांगितलं. चवथीच्या आरतीला वाजणाऱ्या घुमटावर पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं. कायद्यानं ते बंद झालं, आता बकऱ्याचं असतं. आवाजात फरक पडला, हे कुणीही वादक सांगेल. पण आरती चालूच आहे, आणि 2019 मध्ये घुमट गोव्याचं वारसा वाद्यही झालं. शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात जिथे पेटीचे भाते बुरसतात, तिथे लाखाचा बांबू मी कसा सांभाळणार? ही नळी नळाखाली धुतो, पंच्यानं पुसतो. तक्रारी दोन. घामेजलेल्या बोटांना ती निसटते, बांबूसारखी पकड नाही. मी अंगठ्याच्या जागी कापडी चिकटपट्टी लावली आहे. आणि आतून पाणी फार धरते, पंधरा मिनिटांत खालच्या टोकातून थेंब पडायला लागतात. खालच्या सप्तकात तिचा आवाज पोकळ वाटतो, हेही खरं. पण जोरकस फुंकीनं फोडायचा तो झोत, त्याला मुराइकी म्हणतात, तो यातून असा निघतो की अंगावर काटा येतो.

एक गोष्ट मला कुणीतरी फार आधी सांगायला हवी होती. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या अंतराळात गेल्या. त्यांत पृथ्वीवरचं संगीत आहे. भारतातर्फे आमच्याच फोंडा तालुक्यातल्या केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर, ‘जात कहाँ हो’, भैरवी, साडेतीन मिनिटं. हे गोव्यातल्या कुठल्याही संगीतवेड्याला तोंडपाठ असतं. त्याच तबकडीवर गोरो यामागुची यांची शाकुहाची आहे: ‘त्सुरु नो सुगोमोरी’, घरट्यातल्या क्रौंच पक्ष्यांची रचना, 4 मिनिटं 51 सेकंद. मी केसरबाईंचा तुकडा शेकड्यांनी वेळा ऐकला असेन. बाकीची तबकडी कधी ऐकलीच नाही. आता रात्री दोन्ही एकापाठोपाठ लावतो. केसरबाईंचा दमसास आणि यामागुचींचा दमसास, दोघांचंही श्वास संपण्याआधीचं ते शेवटचं बोट-दोन बोटं अंतर. तिथे माझा हात आपोआप नळीकडे जातो.

कुणी घ्यावी? ज्याला आठवड्यात गाणं वाजवायचंय त्यानं घेऊ नये. पार्श्वसंगीतासाठी निव्वळ तो आवाज हवा असेल तर कीबोर्ड आहेच, आणि मीही 78 पुसून टाकलेला नाही. नाटकात कधी कधी दोन सेकंदांत साधू लागतो. पण जो बासरी वाजवतो, गातो, किंवा ज्यानं तो आवाज कुठल्याशा खेळात ऐकला आणि मागे वळून बघितलं, त्यानं नक्की घ्यावी आणि दहा दिवस परत पाठवू नये.

गेल्या महिन्यात तालमीत मी ती पहिल्यांदा माइकसमोर धरली. साधूचा प्रवेश. पहिल्याच फुंकीला स्पीकरमधून ‘फट्’ असा आवाज आला आणि साधू झालेला नट जागच्या जागी थबकला. माइकवाल्याचं म्हणणं, वारा सरळ माइकात जातोय, माइक वरच्या तोंडापाशी नको, भोकांकडे धरू, आणि वर जाड स्पंज चढवू. स्पंज त्याच्याकडे नव्हता. मी फोंड्याच्या बाजारात गादीवाल्याकडून वीतभर कापून आणलाय. जत्रा पंधरा दिवसांवर आहे, रविवारी पुन्हा लावून बघणार आहोत.